नवा टी-शर्ट आधी धुवा, मग घाला. छापणारी मीच सांगतेय.

आज दुपारी एका आयोजकांचा फोन आला. दीडशे टी-शर्टची ऑर्डर, पाकिटं भरून तयार, संध्याकाळी माणूस न्यायला येणार. म्हणाले, "ताई, ती आतली चिठ्ठी काढून टाका नं. लोकं वाचतील तर काय म्हणतील? आम्ही घाण कपडे वाटून राहिलो, असं वाटते ते."

चिठ्ठीत काय आहे ते सांगते. "घालण्यापूर्वी एकदा धुवा. छपाईनंतर एक दिवस जाऊ द्या. उलटा करून, थंड पाण्यात." एवढंच. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटात ती असते. यात घाण कुठून आली?

मी चिठ्ठ्या काढल्या नाहीत. तुम्हाला काढायच्या तर तुम्ही काढा भाऊ, माझ्या हातून ते होणार नाही, असं सांगितलं. ते रागावले. मलाही राग आलाय आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून दुकान बंद करून इथे लिहायला बसले.

आधी हे समजून घ्या की प्लॅस्टिकच्या पिशवीत चकाचक घडी घातलेला टी-शर्ट म्हणजे स्वच्छ टी-शर्ट नव्हे. तो बहुतेक वेळा तिरुपूरहून येतो. तिथे कापड विणलं जातं, रंगवलं जातं, मऊ वाटावं म्हणून त्यावर सॉफ्टनर चढतो, मग कटिंग, शिलाई, धागे कापणं, इस्त्री, बंडल. किती हातांतून जातो, किती टेबलांवर पडतो. मग ट्रक, मग इकडे नागपूरच्या गांधीबागेतलं गोडाऊन, मग माझं दुकान. माझ्याकडे येऊनही तो धुतला जात नाही, तो छापला जातो. स्क्रीन प्रिंटिंग करताना टी-शर्ट टेबलावर सरकू नये म्हणून खाली गम लावतात. तो गम कुठे लागतो? आतल्या बाजूला. म्हणजे नेमका तुमच्या छातीला. डीटीजी मशीनवर, म्हणजे कापडावर थेट शाई मारणाऱ्या प्रिंटरवर, गडद कापड छापायचं तर पांढरी शाई बसावी म्हणून आधी एक द्रावण फवारावं लागतं. त्याचा चौकोनी डाग आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास पहिल्या धुण्यापर्यंत राहतो. हे काही लपवण्यासारखं नाही. काम असंच चालतं. पण मग गिऱ्हाइकाला सांगायला जीभ का जड व्हावी?

यावर आमच्याच लाइनीतले लोक म्हणतात, "कापड बायोवॉश आहे, पुन्हा कायले धुवायचं?" अहो, बायोवॉश म्हणजे एन्झाइमने कापडावरची लव काढणं. गोळे येऊ नयेत, हाताला मऊ लागावं म्हणून. ते कापडाच्या पातळीवर होतं, शिलाई आणि छपाईच्या कितीतरी आधी. त्या शब्दात वॉश आहे म्हणून गिऱ्हाइकाला गप्प करायचं, ही शुद्ध फसवणूक आहे.

माझ्या भाच्याचं सांगते. गेल्या वर्षीचा तान्हा पोळा. त्यांच्या कॉलनीत लाकडी बैल सजवायची स्पर्धा होती आणि सगळ्या पोरांना एकसारखे टी-शर्ट. काळे, पॉलिस्टरचे, पुढे बैलाचं चित्र. कुठून छापले मला माहीत नाही, माझ्याकडून नाही. दुपारी गेटवरच वाटले आणि पोरांनी तिथल्या तिथे अंगावर चढवले. पोळ्याच्या दिवसांतला आपला नागपूरचा उकाडा तुम्हाला माहीत आहे. पाऊस थांबला की अंगाला कपडा चिकटतो. तीन-चार तास तो पोरगा बैल ओढत फिरला. रात्री रडायला लागला. वहिनीने टी-शर्ट काढला तर मानेभोवती लाल पट्टा, कॉलर बसते अगदी तेवढ्याच रुंदीचा. काखेत तसंच, कोपराच्या आतल्या बाजूला तसंच. बारीक पुरळ, आणि खाज अशी की त्याचे हात धरून ठेवावे लागले.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: टी-शर्ट नवा होता का, धुतला होता का? मग त्यांनी समजावून सांगितलं. पॉलिस्टरला जे रंग देतात, डिस्पर्स डाय, त्यातल्या काही गडद निळ्या-काळ्या रंगांची काहींना ॲलर्जी येते. घाम आला, कापड घासलं, की सुटा राहिलेला रंग कातडीवर उतरतो. म्हणून मान, काख, कोपर.

घरी येऊन वहिनीने तो टी-शर्ट बादलीत टाकला. मी तिथेच उभी होते. साबण नाही, नुसतं नळाचं पाणी. बघता बघता जांभळट निळं झालं. ते ओतून दुसरं घेतलं, तेही रंगलं. तिसऱ्यालाही तळाशी रंग दिसत होता. हे सगळं पाच वर्षांच्या पोराच्या अंगावर दुपारभर होतं.

एका धुण्याने असा रंग पूर्ण जात नाही, हे डॉक्टरही म्हणाले. मान्य. पण टी-शर्ट आदल्या दिवशी मिळून ती बादली भरली असती तर पाणी बघूनच वहिनीने तो टी-शर्ट त्याला घातला नसता. धुतल्याने माल कसा आहे ते घरच्या बाईला कळतं, आणि मला वाटतं नेमकं तेच पुष्कळांना नको आहे.

खरी भीती तिथेच आहे. गिऱ्हाइकाने घालण्याआधी धुतलं आणि चित्र उकललं तर? प्लॅस्टिसॉल, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगची प्लॅस्टिकसारखी शाई, साधारण १६० अंशांपर्यंत नीट तापली नाही तर वरून वाळलेली दिसते, आत कच्ची राहते आणि धुताना तडकते. डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून गरम प्रेसने चिकटवलेला प्रिंट, त्याला प्रेस कमी पडला तर कोपऱ्यातून सुटतो. मग ज्याला घाई झाली, ज्याने शाई तापवणाऱ्या ड्रायरचा पट्टा जोरात पळवला, त्याला चिठ्ठी कशी परवडणार? एकदा कार्यक्रम होऊन जाऊ दे, फोटो निघू दे, मग काय व्हायचं ते होवो. माझ्याकडे प्रत्येक लॉटमधला एक टी-शर्ट मी स्वतः धुते, वाळवते, ताणून बघते, मगच बाकीचे पाकिटात जातात. जी छपाई पहिल्या पाण्याला घाबरते, तिचे पैसे घ्यायला लाज वाटली पाहिजे.

आणि आपल्याला हे नवीन आहे का? ब्लाउजचं अस्तर शिंप्याकडे द्यायच्या आधी आपण भिजवतोच. साडीचा फॉल भिजवतो. बाळ जन्माला आलं की त्याला कोरं कापड लावत नाही, आजीच्या जुन्या, शंभरदा धुतलेल्या सुती लुगड्याचे तुकडे काढतो. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये सायझिंग खात्यात होते, सुताला कांजी चढवायचे. १८७७ साली सुरू झालेली ती मिल, आज तिथे मॉल उभा आहे. त्यांच्या घरात मिलचं कापड आलं की आधी पाण्यात जायचं. कापडावर काय काय चढतं हे त्यांच्या हाताला माहीत होतं. ज्या घरांतून हे शिकलो त्याच घरांतली पोरं आज पिशवी फाडून टी-शर्ट डोक्यातून घालतात. त्यांना बोल लावत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही. दुकानदार सांगत नाही, आयोजक सांगू देत नाही.

पाण्याचं म्हणाल तर हो, उन्हाळ्यात आपल्याकडे टँकरची वाट बघणाऱ्या वस्त्या आहेत. पण एक टी-शर्ट घरच्या रोजच्या धुण्यात जातो. सगळ्यांनाच त्रास होतो असंही नाही, हजार जणांनी न धुता घातले असतील आणि काही झालं नसेल. ठीक आहे. त्या रात्री माझ्या भाच्याचे हात धरून कोण बसलं होतं, ते मला माहीत आहे.

सगळ्यात जास्त संताप येतो तो मॅरेथॉनवाल्यांचा. पहाटे पाच वाजता, कस्तुरचंद पार्कच्या बाजूला टेबल लावून टी-शर्ट वाटायचे, लोकांनी तिथेच घालायचे आणि लगेच धावायला लागायचं! घाम यावा म्हणूनच तर धावतात ना माणसं? तेही पॉलिस्टर, तेही गडद. दोन दिवस आधी वाटले तर काय बिघडतं? बिघडतं एवढंच की ऑर्डर वेळेवर द्यावी लागते. आमच्याकडे आदल्या रात्री दहाला फोन येतो, "ताई, सकाळी पाहिजे."

आजच्या त्या भाऊंवरही आता तेवढा राग नाही, खरं सांगायचं तर. संध्याकाळी माणूस आला तो त्यांचा मुलगाच होता, कॉलेजातला. पाकीट उघडून चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "काकू, उलटा करून म्हणजे प्रिंट आत?" हो बाळा, म्हटलं, प्रिंट आत. घासलं जात नाही मग. आणि ब्रश मारू नको, प्रिंटवर इस्त्री फिरवू नको. त्याने मान हलवली आणि चिठ्ठ्यांसकट गठ्ठे घेऊन गेला. घरी वडिलांनी काढायला लावल्या असतील तर माहीत नाही.

गणपती मंडळं, दांडियाचे ग्रुप, दीक्षाभूमीच्या सोहळ्याला सेवा देणारी पोरं, सगळ्यांच्या ऑर्डरी आता सुरू होतील. माझ्याकडून करून घ्यायच्या असतील तर कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी माल हातात पडेल अशी तारीख धरून या. आदल्या रात्रीची ऑर्डर मी यंदा घेणार नाही, ओळखीचे असाल तरी. दुसरीकडे छापलेत तरी हरकत नाही, वाटताना तेवढं पोरांच्या आयांना सांगा. चिठ्ठीचा मजकूर वर दिलाच आहे, जसाच्या तसा उचला.