‘फिजा’ सूड शिकवतो म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: दंगलींवरचे हिंदी सिनेमे सूड घेणाऱ्याला हिरो करतात, दुःख एकाच समाजाचं दाखवतात, जुन्या जखमा उकरून नव्या दंगली पेटवतात, तेव्हा कोर्टानेच त्यांना आळा घालावा. पुरावा म्हणून २००० सालचा ‘फिजा’. लिहिणाऱ्याने तो शेवटपर्यंत पाहिलेला दिसत नाही.

सूडाचं आधी. खालिद मोहम्मद यांच्या या सिनेमात अमान, म्हणजे हृतिक रोशन, १९९३ च्या मुंबई दंगलीत नाहीसा होतो. त्यानंतर खरी गोष्ट आहे ती वाट पाहणाऱ्या आईची आणि बहिणीची. सहा वर्षं झाली तरी मुलगा आहे की गेला, कळत नाही. आपल्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस मृत धरता येतो. तोवर या मायलेकींना ना जनाजा, ना दाखला. करिश्मा कपूरची फिजा या अधांतरी जगण्यालाच विटून भावाला शोधायला निघते. तो सापडतो, पण अतिरेक्यांच्या टोळीत गेलेला, घरचा राहिलेला नसतो. आई जीव देते. ज्यांच्यासाठी त्याने माणसं मारली, तेच त्याच्या जिवावर उठतात. शेवटी तो बहिणीलाच गोळी झाडायला सांगतो आणि ती झाडते. एवढं पाहून कुणाला सूड घ्यावासा वाटला, तर त्याचं खापर दिग्दर्शकावर कसं फोडणार?

हां, कॅमेरा हृतिकच्या दंडांवर नको तितका रेंगाळतो, आणि सुष्मिता सेनचं गाणं कथेला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. ‘कहो ना प्यार है’ त्याच वर्षी जानेवारीत आलेला, मोह आवरला नसेल. पण हा आरोप त्या मजकुरात नाहीच!

दुःख एकाच समाजाचं? अमान ज्या दोन पुढाऱ्यांना मारतो त्यांतला एक सिंग, दुसरा सय्यद. गोष्ट एका कुटुंबाची आहे, म्हणून दुःखही त्या घरचं. आकडेच हवेत तर त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहेत: एकूण ९०० मृत्यू, त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर. जखमा न उकरण्याचा सल्लाही जुनाच. हा आयोगच जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला गेला होता. मे महिन्यात तो पुन्हा सुरू झाला, म्हणून १९९८ मध्ये अहवाल तरी आला.

राहिलं कोर्ट. तिथे हा वाद १९८८ मध्येच होऊन गेलाय. दूरदर्शनवर फाळणीच्या दंगलींवरची ‘तमस’ सुरू होती. तिच्यातला नत्थू म्हणजे ओम पुरी, आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. मालिकेने दंगे होतील अशी तक्रार घेऊन लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी स्वतः ती पाहिली आणि प्रक्षेपणावरची स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली. कसोटी लावली ती न्या. व्हिव्हियन बोस यांनी नागपुरात घालून दिलेली: शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने, जिथे तिथे धोका दिसणाऱ्या भित्र्याच्या मापाने नव्हे.