सोलर बसवताय? जरा दमानं

कोल्हापूरच्या उपनगरात घर झालं. वास्तुशांत झाली, पाहुण्यांनी किचनच्या ट्रॉल्या उघडून-मिटून बघितल्या. आता कुणीतरी शहाणा विचारणारच, “मालक, गच्चीवर सोलर कधी?” पाचगाव असो, फुलेवाडी असो नाहीतर कळंबा, शेजारचे प्लॉट अजून मोकळे आहेत आणि गच्चीवर सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत नुसतं ऊन ओतलेलं असतं. अशा वेळी चांगला जाणता माणूससुद्धा बिथरतो आणि आंघोळीचं पाणी उन्हावर तापवायच्या नादाला लागतो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे चार शब्द.

पहिलं म्हणजे, ऊन फुकट असतं आणि फुकटच्या वस्तूला मान नसतो. मिसळीबरोबरचा जादा कट तेवढा अपवाद. पाहुण्यांना दाखवणार काय, ऊन? त्यापेक्षा बाथरूममध्ये पांढराशुभ्र गिझर, त्याच्यावर तांबडा दिवा आणि डिजिटल आकडा, हे कसं घर बांधल्यासारखं वाटतं.

उन्हातलं आपल्याला काही कळत नाही, अशी सबब मात्र कोल्हापूरकरानं सांगू नये. ती टिकायची नाही. सूर्याच्या कोनाचा इतका बारीक हिशोब ठेवणारं गाव शोधून सापडणार नाही. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटाला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांना लागतात, मग कमरेपर्यंत चढतात, मग मुखापर्यंत पोचतात. त्या दिवसांत रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येक जण खगोलशास्त्रज्ञ असतो. किरणं कुठं अडली, कुणाचं बांधकाम आडवं आलं, हवेत बाष्प किती होतं, सगळं तोंडपाठ. हाच माणूस स्वतःच्या गच्चीवर चढला की म्हणतो, “ते पॅनेल रस्त्याच्या बाजूला करा ओ, जरा दिसू दे की लोकांना.”

आणि तेच बरोबर आहे. पुस्तकात काय, काहीही लिहिलेलं असतं. म्हणे, आपण उत्तर गोलार्धात, तर तोंड दक्षिणेला हवं. म्हणे, कोल्हापूर पावणेसतरा अक्षांशावर, पण गरम पाणी जास्त लागतं थंडीत आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून पॅनेलचा उतार अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त ठेवावा. दक्षिण दिशा कुणाची, हे या लोकांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. आधी वास्तुवाल्याला विचारा. तो ईशान्य सांगेल. ईशान्येला जिन्याची खोली आहे, तिची सावली पडते, हरकत नाही. सोलरच्या पाणी तापवायच्या नळ्या सावलीत ठेवल्या की जास्त टिकतात असं सांगणारा कुणीतरी भेटतोच.

आता विजेकडे वळू, कारण खरी शान तिथं आहे. तुम्ही सकाळी गिझरचं बटण दाबता तेव्हा काय घडतं याची कल्पना करा. तिकडं राज्याच्या दुसऱ्या टोकाला चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र. खाणीतनं कोळसा काढायचा, दळायचा, जाळायचा आणि त्यावर पाणी उकळायचं. पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर वीज. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीचा चिमणीतनं आणि थंड करायच्या मनोऱ्यांतनं हवेत. मग ती वीज सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून तारांतनं तुमच्या बाथरूममध्ये येते आणि काय करते? पुन्हा पाणी तापवते. तेही चाळीस अंश! एवढा थाट शाहू महाराजांच्या वाड्यावरसुद्धा नसेल. आणि तुमच्या डोक्यावर, स्लॅबच्या बरोबर वर, काळ्या टाकीतलं पाणी एप्रिलच्या दुपारी असं तापलेलं असतं की नळाखाली हात धुवायची सोय नसते. तुम्ही त्या पाण्याला शिव्या घालता, ते गार व्हायची वाट बघता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिझर लावता. या क्रमात बदल करू नका.

हिशोबाच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. वीस लिटरची बादली पंचविसावरून चाळीस अंशांवर न्यायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. घरात चार माणसं म्हटलं तर दिवसाला सव्वा ते दीड युनिट, वर्षाला पाचशेच्या आसपास. हे झालं काटकसरीचं, बादलीवरचं. शॉवर आला, भांडी आली, थंडीतलं कढत पाणी आलं, की आकडा फुगतो. दिवसाला शंभर लिटरचा सोलर वर्षाला पंधराशे युनिटपर्यंत वाचवू शकतो, असं केंद्राच्या नवीन ऊर्जा मंत्रालयानंच लिहून ठेवलंय. त्यात महावितरणचे महिन्याच्या युनिटांवर टप्पे आहेत: शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. गिझरचे युनिट नेमके वरच्या टप्प्यात जाऊन बसतात आणि सगळ्यांत महाग लागतात. हे एकदा कागदावर मांडलं की रात्री झोप लागत नाही. कागद घेऊ नका.

गिझर वापरायचीही एक घरंदाज रीत आहे. थर्मोस्टॅटचा काटा शेवटपर्यंत फिरवायचा. पन्नास-पंचावन्नवर भागतं, पण ते भित्र्या लोकांसाठी. आधी पाणी भाजण्याइतकं तापवायचं, मग त्यात अर्धी बादली गार ओतून ते अंगाला सोसेल इतकं करायचं. आंघोळ झाल्यावर बटण बंद करणारा माणूस घरात असेल तर त्याला समज द्या. बटण चालू राहिलं तर तेच पंधरा लिटर दिवसभर निवतात आणि तापतात, निवतात आणि तापतात, आणि संध्याकाळी ऑफिसातनं आल्यावर एखाद्याला हात धुवायला गरम पाणी मिळतं. ही सोय थोडकी नव्हे.

बंबाची आठवण काढणारेही गाठतील तुम्हाला. “आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, चिपाडं, बुरकुंडं, नारळाच्या शेंड्या, काहीही घाला, पाणी कढत.” खरं आहे. बंबाचा कायदाही साधा होता: एक बादली गरम काढली की वरच्या नाळक्यातनं एक बादली गार ओतायची, आणि जो ओतत नाही त्याचा उद्धार मागचा आंघोळ करणारा मोठ्यानं करायचा. पण आता बंबाची जागा दिवाणखान्यात आहे. चिंचेनं लख्ख घासलेला, आत मनीप्लांट. त्यावर कुणी पाणी तापवायची गोष्ट काढली तर विषय बदला.

समजा, घरच्यांनी ऐकलंच नाही आणि सोलर आलाच. तरी निराश व्हायचं कारण नाही. बसवलेला सोलर मोडीत काढायला आपल्याकडं उत्तम कारागीर आहेत. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर हवी, कारण पाणी आपल्या वजनानंच खाली उतरतं आणि तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, मध्ये पंप नसतो. हे प्लंबरला सांगायला जाऊ नका. त्याला राग येतो. “काय होत नाही मालक, मी आयुष्यभर हेच केलंय,” म्हणत तो टाकी खाली ठेवेल, पाइपात हवा अडकेल आणि मग तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल की सोलर आपल्या हवेला चालत नाही.

पाइपवर ते काळं स्पंजसारखं कव्हर घालायचं म्हणतात. घालू नका. त्याशिवाय पुढची मजा नाही. सकाळचे साडेसहा, हात धारेखाली, पाणी गार. थोडं थांबा. अजून गार. करंगळी बधीर. आतनं आवाज, “आलं का गरम?” बाहेरनं उत्तर, “येतंय, येतंय.” आता कोमट. आता पुन्हा गार, कारण तेवढ्यात किचनमध्ये कुणीतरी नळ सोडलाय. काळम्मावाडी धरणातलं पाणी पन्नासेक किलोमीटर थेट पाइपलाइननं यावं म्हणून या गावानं वर्षानुवर्षं दम धरला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ते आलं तेव्हा गुलाल उधळला. पण गच्चीपासून बाथरूमपर्यंतच्या चाळीस फुटांसाठी आपल्याला दम धरवत नाही. वास्तविक पाऊण इंची पाइपात चाळीस फुटांत चारेक लिटर पाणी मावतं. ते गार पाणी बादलीत धरून कुंड्यांना घालता येतं, फरशी पुसायला वापरता येतं. तुम्ही तसं करू नका. नळ सोडून ठेवा आणि मोबाइल बघत बसा.

“सकाळी ऊन कुठं असतंय? मग पाणी तापतंय कसं?” हा प्रश्न तुमचा मेहुणा विचारेल. त्याला टाकीभोवती जाड फोमचं अस्तर असतं आणि कालचं तापलेलं पाणी आज सकाळपर्यंत गरम राहतं, हे सांगू नका. इतका साधा प्रश्न विचारणारा माणूस घरात असावा, गप्पा रंगतात.

सबसिडीची वाट बघत बसणं हाही एक सभ्य उपाय आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, छतावर तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. ते विजेच्या पॅनेलना. पाणी तापवायच्या सोलरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच थांबलं. पण आपल्याकडं ‘सोलर’ म्हणजे सोलर. “येणाराय की सबसिडी, जरा थांबा,” असं म्हणून आणखी पाच-सहा वर्षं आरामात काढता येतील.

पावसाचा मुद्दा हुकमी आहे. जूनला ढग आले की सप्टेंबरपर्यंत सूर्य तोंड दाखवेलच असं नाही, हे पंचगंगेच्या काठी कुणाला सांगायला नको. टाकीत विजेची बॅकअप कॉइल बसवून ते महिने निभावता येतात, पण मग भांडायला विषय उरत नाही. म्हणून सरळ चार महिन्यांच्या पावसाचं नाव घेऊन उरलेल्या आठ महिन्यांचं ऊन सोडून द्या. देखभालीचंही तेच. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरतो. वर्षाकाठी साफ करून घ्यावं लागतं. गळिताच्या हंगामात हवेत काळी राख उडते, ती नळ्यांवर बसते. फडकं मारलं तर पाच मिनिटांचं काम. पण गच्चीवर आपण जातो ते पापड वाळवायला आणि पतंगाला, सोलर बघायला कोण जातं?

हीट पंपवाला आला तर दारातनंच परत पाठवा. तो म्हणेल, हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, एका युनिटला सुमारे तीन युनिटांइतकी ऊब, पाऊस असो का रात्र. कोल्हापूरची हवा या यंत्राला मानवतेसुद्धा, ना कडाक्याची थंडी ना बर्फ. पण तो एसीच्या बाहेरच्या डब्यासारखा आवाज करतो आणि गार हवा बाहेर फेकतो. उन्हाळ्यात शेजारी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले तर तुमच्या पैशात गारवा त्यांना! हा अन्याय सहन करू नका.

राहता राहिलं बिल. ते दर महिन्याला येणार. आल्यावर ते नीट वाचू नका. युनिट किती, टप्पा कोणता, हे बघायची गरज नाही. फक्त खालची रक्कम दिसेल असा फोटो काढा आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाका, खाली लिहा, “लूट चाललीय नुसती.” अर्ध्या तासात अंगठे येतील, “बरोबर आहे साहेब” येईल, कुणी मोर्चाची तारीख विचारेल. मग तिसऱ्या गल्लीतला एक जण, ज्याचा सोलर बारा वर्षं गच्चीवर गपगुमान पडून आहे, तो आपल्या बिलाचा फोटो टाकेल. तुमच्या निम्म्याचा. एक अक्षर न लिहिता.

ग्रुपचे ॲडमिन तुम्हीच आहात. त्याला काढून टाका.