स्फिंक्सच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर: एक पायरी चुकली ती माझीच

नमस्कार,

पायथनच्या कोडमधून आणि लिहिलेल्या मजकुरातून कागदपत्रांची पानं बनवणाऱ्या स्फिंक्स या साधनावर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लॅपटॉप उघडला. तुमच्या तीन तक्रारी आहेत. माझ्या पायऱ्या जशाच्या तशा केल्या तर शेवटी ‘नो मॉड्यूल नेम्ड’ (म्हणजे कोड सापडत नाही) अशी एरर येते. दहा फायलींच्या प्रकल्पाला स्फिंक्स म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि मराठी शीर्षकं दिली की वॉर्निंग्जचा पाऊस पडतो, म्हणजे हे साधन आपल्या भाषेसाठी नाहीच.

पहिली तक्रार शंभर टक्के मान्य. डॉक्स फोल्डरमध्ये पहिली मांडणी करून देणारी स्फिंक्स-क्विकस्टार्ट ही आज्ञा सुरुवातीलाच विचारते, सोर्स (लिहिलेला मजकूर) आणि बिल्ड (तयार पानं) ही फोल्डरं वेगळी ठेवायची का? नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’ असं धरलं जातं. मी लेखात ‘हो’ म्हणायला सांगितलं. ‘हो’ म्हटलं की कॉन्फ.पाय ही सेटिंगची फाइल डॉक्समध्ये न राहता डॉक्सच्या आत सोर्समध्ये जाते. पुढे ऑटोडॉकला (कोडमधली वर्णनं पानांत आणणारा स्फिंक्सचा भाग) कोड सापडावा म्हणून सिस.पाथमध्ये (पायथन कोड कुठे शोधतं त्या जागांची यादी) जी ओळ घालायला सांगितली, तिच्यात मात्र मी एकच पायरी वर चढलो. तिथून दिसतं ते डॉक्स फोल्डर. तुमचा कोड आणखी एक मजला वर. दोन पायऱ्या चढायला हव्या होत्या.

मला हे कळलं कसं नाही? माझ्या मशीनवर तेच पॅकेज आधीपासून इन्स्टॉल होतं, त्यामुळे पाथ चुकीचा असूनही सगळं बिनबोभाट चाललं. कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (आधीचं काहीच इन्स्टॉल नसलेल्या वेगळ्या पायथनमध्ये) तपासून मग लिहायला हवं होतं. खरं तर पाथच्या या कसरतीपेक्षा प्रकल्प पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने एडिटेबल पद्धतीने (कोड जागेवरच ठेवून) इन्स्टॉल करणं बरं, मग ती ओळच लागत नाही. आणि फोल्डरं वेगळी ठेवण्याबद्दल मी जो ठाम सूर लावला होता तोही जरा खाली आणतो. ‘नाही’ म्हटलं तरी काही बिघडत नाही, बिल्डचं फोल्डर तिथेच शेजारी तयार होतं आणि गिटइग्नोरमध्ये (गिटने काय वगळायचं त्या यादीत) एक ओळ टाकली की झालं. वेगळी ठेवणं ही माझी सवय आहे, इतकंच.

ऑटोडॉकचा विषय निघालाच आहे तर लेखात राहून गेलेली एक गोष्ट सांगतो. ऑटोडॉक फाइल नुसती वाचत नाही, ती इम्पोर्ट करतं. म्हणजे फाइलच्या पातळीवर मोकळा पडलेला कोड खरोखर चालतो. माझ्या एका जुन्या प्रकल्पात रोजचा अहवाल मेल करणारी स्क्रिप्ट होती, आणि ‘थेट चालवली तरच’ ही अट मी घातली नव्हती. त्या दिवशी मी ‘मेक एचटीएमएल’ (पानं तयार करायची आज्ञा) सात-आठ वेळा केलं. टीममधल्या प्रत्येकाला तेवढेच अहवाल गेले.

आता कोंबडी आणि मसाला. तुमचा प्रकल्प दहा पानांचा, सगळा मजकूर हाताने लिहिलेला, असा असेल तर एमकेडॉक्स हे त्याच कामाचं साधं साधनच घ्या. सेटिंगची एक वायएमएल फाइल, एक डॉक्स फोल्डर, लिहायला मार्कडाउनच्या साध्या खुणा, आणि सेव्ह केलं की ब्राउझरमध्ये बदल दिसतो. स्फिंक्समध्ये त्यासाठी ऑटोबिल्ड नावाचं वेगळं साधन बसवावं लागतं. इथे मी वाद घालणार नाही. माझा हट्ट आहे तो जिथे वाचकाला फंक्शन आणि क्लासपर्यंत पोचायचं असतं तिथे. स्फिंक्स जन्मलं तेच त्या कामासाठी: पायथनची अधिकृत कागदपत्रं लाटेक या जुन्या मांडणीच्या पद्धतीतून बाहेर काढायला गेऑर्ग ब्रांडल यांनी ते लिहिलं आणि २००८ मध्ये ते बाहेर आलं. फंक्शनचं नाव बदललं आणि जुन्या नावाचा संदर्भ कुठल्या तरी पानात राहिला, तर निटपिकी ही काटेकोर तपासणीची सेटिंग चालू असताना बिल्ड बोंब मारतं. ते मुद्दाम चालू करावं लागतं हेही खरं. इंटरस्फिंक्स हा जोडभाग लावला की तुमच्या पानातून थेट पायथनच्या कागदपत्रांतल्या नेमक्या नोंदीवर उडी मारता येते. एमकेडॉक्समध्ये कोडमधून पानं काढायला प्लगिन घ्यावं लागतं. चांगलं आहे, पण मग तो सुरुवातीचा सुटसुटीतपणा उरत नाही.

मराठीबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. स्फिंक्समध्ये शीर्षकाखाली निदान त्याच्याइतकी लांब रेघ मारावी लागते. ‘प्रस्तावना’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा. खाली बरोबरच्या (=) चार खुणा मारल्या की रेघ अपुरी असल्याची वॉर्निंग येते, कारण काना-मात्रा आणि जोडाक्षरातलं प्रत्येक व्यंजन तिथे स्वतंत्र मोजलं जातं. उपाय गावठी आहे: सरळ तीस खुणा मारा. रेघ लांब झाली तर कोणी विचारत नाही. किंवा स्फिंक्सला मार्कडाउन वाचता यावं म्हणून मिस्ट पार्सर बसवा आणि त्यातच लिहा.

खरं दुखणं तुमच्या नजरेतून सुटलं. शीर्षक निव्वळ देवनागरीत असेल तर त्याच्या दुव्यासाठी नाव बनत नाही, ‘आयडी१’, ‘आयडी२’ असे नुसते क्रमांक पडतात. मध्येच नवा विभाग घातला की क्रमांक सरकतात आणि कोणाला पाठवलेला जुना दुवा भलत्याच जागी उतरतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या शीर्षकाच्या वर रोमन अक्षरांत स्वतःचं लेबल द्या. हे मूळ लेखात असायलाच हवं होतं.

पाथची ओळ आज दुरुस्त केली आहे. चुकीची ओळही काट मारून तिथेच ठेवली आहे, तुमच्याआधी ज्यांनी ती कॉपी केली असेल त्यांच्यासाठी.