पथ्य एकाचं, राबणं दुसऱ्याचं

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या 'एकवीस दिवसांत तब्येत बदला' चालू आहे. पहाटेपासून फोटो येतात. कोणाचं कोमट पाणी, कोणाचे सूर्यनमस्कार, कोणाच्या घड्याळातली पावलं. खाली अंगठ्यांची रांग. वाईट त्यात काही नाही, माणसं हलताहेत हे चांगलंच. पण फोटो टाकणारे बहुतेक पुरुष आणि अंगठे देणाऱ्या बहुतेक बायका, हे कोणाच्या लक्षात आलंय का? असं का, यावर मला बोलायचंय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा. (बिनसाखरेचा असेल तर तोही फोटो टाका.)

आधी त्या एकवीसचा निकाल लावते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. त्यांनी १९६० साली लिहिलं की ऑपरेशननंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी एकवीसेक दिवस लागतात. पुढं लोकांच्या तोंडी त्यातलं ऑपरेशन गळालं, 'कमीत कमी' गळालं, आणि नुसते एकवीस दिवस उरले. सवयीवरचा खरा अभ्यास बराच नंतर झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जण घेतले. प्रत्येकानं खाण्याची, पिण्याची किंवा हालचालीची एकच साधी गोष्ट निवडायची आणि ती रोज ठरलेल्या एका वेळेला जोडून करायची. नाश्ता झाला की हे, जेवणाआधी ते. १२ आठवडे. अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला. मधे एखादा दिवस चुकला तर विशेष बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा बाविसाव्या दिवशी गळपटलेल्यांनी जीव जाळू नये.

रोज दहा हजार पावलं चालायच्या नियमाचंही तसंच. १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. आकडा दवाखान्यातून आला नाही, दुकानातून आला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्कर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढं फायदा वाढत गेला नाही. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे मी देवळापतूर जाऊन येते ते बास की!" बास आहे, आई.

आता मुद्दा. लॅलीबाईंच्या अभ्यासातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ती ठरलेली वेळ. निश्चय रोज नव्यानं करावा लागतो, वेळ आपोआप येते. आपल्याकडची शतपावली याच तत्त्वावर चालत आली. जेवलं, हात धुतला, चाललं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांवर हे तपासलं आणि २०१६ मध्ये मांडलं. दिवसातून कधीही अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. कारण सरळ आहे. जेवणातली साखर रक्तात चढते तेव्हाच पायांचे स्नायू कामाला लागले की ते ती ओढून घेतात.

पण रात्रीचं जेवण 'झालं' कधी? आमच्याकडच्या पुरुषांचं हात धुतला की झालं. चप्पल घातली की शतपावली सुरू. बाईचं जेवण झालं म्हणजे उरलेली आमटी छोट्या पातेल्यात, भाताला पाणी, ओटा पुसणं, दुधाला विरजण, उद्याच्या उसळीसाठी मटकी भिजत घालणं आणि कोणाची तरी गोळी राहिलीय का हे बघणं. एवढं होईस्तोवर ती साखर कधीच चढलेली असते. ज्या वेळेला सवय जोडायची ती वेळच तिच्या ताब्यात नाही. मग तिला निश्चयाचे धडे देऊन काय होणार?

आणि गंमत पुढं आहे. घरातल्या एकाची चांगली सवय ही बऱ्याचदा घरातल्या दुसरीचं जादा काम असते.

आमच्या नात्यातल्या एका भावोजींना साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, भावोजींनी मनावर घेतलं, वजन उतरवलं, साखर आटोक्यात आणली. खरंच कौतुक आहे. प्रत्येक लग्नात ते जिलबीच्या ताटापुढं उभं राहून सगळ्यांना सांगतात, "इच्छाशक्ती पाहिजे बघा." शेजारी जाऊबाई उभ्या असतात. आता त्या इच्छाशक्तीचा रोजचा स्वयंपाक बघा. सगळ्यांना चपाती, यांना भाकरी. चपातीची कणीक एकदा मळली की सटासट लाटून होते. भाकरीला आधणाचं पाणी, एकेकीचं पीठ वेगळं मळायचं, थापायची, तव्यावर टाकून पाणी फिरवायचं, जाळावर फुगवायची, आणि ती गरमच वाढायची, म्हणजे करणारी शेवटी जेवणार. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना फाटते, म्हणून शाळू थोडा थोडा दळून आणायचा. वर मोडाची मटकी: रात्री भिजवा, सकाळी उपसा, फडक्यात बांधा. वर काकडी-गाजर चिरा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, ज्वारी-बाजरीचे गुण सगळ्यांना पाठ झाले. ती थापायची कोणी, यावर भाषण ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत महाराष्ट्रात इतकी का पसरली, याचं मला जे कारण वाटतं ते लोक सांगत नाहीत. ती फुकट आहे, सोपी आहे हे खरंच. पण सगळं घर दोनदाच जेवलं तर ओट्यापुढचा वेळही वाचतो. मधला चहा-फरसाण, चारचं खाणं, सगळं जातं. ती सगळ्यांना मानवते का, हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय जेवण सोडू नये. पण व्हायचं काय, घरातला एकच माणूस दोनदा जेवणार, त्याची वेळ आणि ताट वेगळं, बाकीच्यांचं जुनं सगळं तसंच. वाचायला हवा होता तो वेळ उलट वाढला.

सरकारचाच आकडा सांगते. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं निघालं. करणारे पुरुष हं, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. त्याच वर्षी लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अंदाज आला की भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या बायका ५७ टक्के आहेत आणि पुरुष ४२ टक्के. अभ्यास दोन, पण मला ते एकाच स्वयंपाकघरातले वाटतात.

इथं कमेंट येणार हे माहीत आहे: "घरकाम हाच बायकांचा व्यायाम, आमच्या आज्ज्या कुठं जिमला जायच्या?" आजी विहिरीचं पाणी ओढायची आणि जात्यावर दळायची. त्या कष्टांनी तिचे खांदे निकामी झाले ते कोणी फोटोत टाकलं नाही. घरकाम हालचालीत धरतात, बरोबर आहे, पण श्वास वाढेल असं असेल तर. आठवड्याला किमान १५० मिनिटं श्वास वाढेल अशी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताण, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन तास ओट्यापुढं उभं राहिल्यानं दम लागत नाही, पाय मात्र भरून येतात. ते श्रम आहेत, व्यायाम नव्हे, आणि त्यानंतर व्यायामाला अंगात उरत काही नाही.

म्हणून ते 'माइंडसेट बदला, स्वतःसाठी वेळ काढा' ऐकलं की माझं डोकं फिरतं. वेळ काढायचा कुठून? शिंक्यावर ठेवलाय का? सकाळी सहाला रंकाळा तलावावर फिरायला जाणाऱ्याच्या घरी सहाला कुकर कोणीतरी लावत असतं म्हणून तो जाऊ शकतो. आणि ज्यांच्याकडं स्वयंपाकाला मावशी येतात त्यांनी फार खूश होऊ नये. त्या मावशी सातला तुमच्याकडं पोचतात, म्हणजे पाचला स्वतःच्या घरचं उरकून निघतात. त्यांच्या सूर्यनमस्कारांची वेळ कुठली?

आणखी एक भ्रम मोडायला हवा, कारण तो बायकांना महागात पडतो: "ती बारीक आहे, तिला कसली साखर?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्य घातलंय. २००४ मध्ये त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये स्वतःचेच फोटो आणि मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून तसा नसतो. तरी आमच्याकडं तपासणी होते ती पोट सुटलेल्या पुरुषाची. बाई स्वतः दवाखान्यात जाते ती सोबत म्हणून, फाईल धरायला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं हिमोग्लोबिन कमी आहे. याला एक सवय मात्र फुकटात लागू पडते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर थांबा. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि लिंबू लागू देतं. मेथीच्या भाजीवर लिंबू पिळायला कोणाची परवानगी लागत नाही.

आमच्या घरी काय केलं ते सांगते, आदर्श म्हणून नव्हे. एका रात्री जेवणं झाल्यावर हे चप्पल घालत होते, मी म्हटलं, थांबा, दोघं जाऊ. "मग ये की." मग ओटा? तिथं विषय सुरू झाला आणि बरेच दिवस चालला, आवाज चढवूनही चालला. शेवटी ठरलं असं: सगळ्यांनी एकाच वेळी जेवायचं, आठच्या आत, आणि आवरणं सगळ्यांनी मिळून. मुलगा भांडी विसळतो, हे ओटा पुसतात आणि मटकी भिजत घालतात. पहिल्या आठवड्यात मटकी पातेलंभर फुगून बाहेर आली, कारण एवढीशी मटकी एवढी होते हे ह्यांना ठाऊक नव्हतं. तीन दिवस उसळ खाल्ली. रात्री एकच पदार्थ: मुगाची खिचडी, नाहीतर भाज्या घातलेलं थालीपीठ, नाहीतर आमटी-भात आणि भरपूर कोशिंबीर. ताट सगळ्यांचं एक. ज्याला पथ्य आहे त्यानं भात कमी घ्यायचा, वेगळा स्वयंपाक होणार नाही. मग आम्ही चौघं बाहेर पडतो, सासूबाईंच्या चालीनं. कोपऱ्यावरच्या गणपतीपर्यंत आणि परत.

सासूबाईंना सुरुवातीला हे आवडलं नाही. लेकानं ओटा पुसायचा म्हणजे लोक काय म्हणतील. खिडकी लावून घ्यायच्या. आता त्याच बाहेरून सांगतात, "त्यो कोपरा ऱ्हायला बघ."

भाकरीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ह्यांनी दोनदा थापून पाहिली, परातीतून तव्यापर्यंत अखंड पोचली नाही. म्हणून सध्या रविवारी मी करते, तेव्हा हे मला गरम गरम वाढतात, मी आधी जेवते, आणि उरलेले दिवस मागच्या गल्लीतल्या काकूंकडून विकत आणतो. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "विकतची भाकरी खायची तर पथ्य कसलं?" मी विचारलं, मग तुमच्याकडं भावोजींची भाकरी कोण थापतं? त्यांनी फोन भावोजींकडं दिला. ते म्हणाले, नंतर करतो. अजून आलेला नाही.