पाकिटावरची ओळ

परवाच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाची उपकारस्तुती झाली; पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा हा सण. वेदीपुढे बाजरीची कणसं, तांबडे भोपळे, शेवग्याच्या शेंगा, मेथीच्या जुड्या, एका टोपलीत गावरान अंडी. उपासना सुटल्यावर अंगणात लिलाव. एक भोपळा सातशेला गेला, घेणाऱ्याने तो तिथेच परत दान केला आणि तोच पुन्हा पाचशेला गेला! लहानपणापासून मला हा सण नाताळापेक्षाही जवळचा वाटतो.

आमची आजी नगरकडची. १९७२च्या दुष्काळात तिकडे हंगाम असा नव्हताच. माणसं खडी फोडायच्या कामावर जात, तिथे सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळे. त्या साली आजीने फडक्यात बांधून मूठभर सुकडीच चर्चच्या देवळात नेली. "पिकलं नाही म्हणून त्याचे उपकार थांबले का?" असं ती म्हणायची. बायबलमधल्या हबक्कूक या पुस्तकाचा तिसरा अध्याय तिला तोंडपाठ होता. अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. रिकामे गोठे तिने डोळ्यांनी पाहिले होते.

हल्ली साक्षींत, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं हे मंडळीपुढे सांगताना, नोकरी, फ्लॅट, मुलाचा व्हिसा हेच जास्त ऐकू येतं. त्याबद्दल आभार मानावेतच. पण बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात पहिल्या उपजाची टोपली देवापुढे ठेवताना काय बोलायचं, ते सांगितलं आहे. सुरुवात पिकापासून नाही. आमचा पूर्वज भटका अरामी होता, इथून सुरुवात. मग मिसरातले, म्हणजे इजिप्तमधले हाल, देवाने केलेली सुटका, आणि अगदी शेवटी ही टोपली. पुढे लगेच आज्ञा आहे की देवाच्या सेवेतला लेवी आणि तुमच्यात राहणारा परका, यांच्यासह आनंद करा. आपल्या साक्षीत आधीचे हाल गळतात आणि शेजारचा माणूसही गळतो, असं मला फार वाटतं.

माझ्याकडून हे घडलंय. २०२१मध्ये मी बारा दिवस ऑक्सिजनवर होते. त्याच हॉस्पिटलमध्ये आमच्या मंडळीतले एक काका होते. मी घरी आले, ते आले नाहीत. पुढे साक्ष द्यायला उभी राहिले आणि म्हणाले, "प्रभूने माझी प्रार्थना ऐकली." तिसऱ्या बाकावर काकू बसल्या होत्या. शब्द तोंडातून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं. मग त्यांची ऐकली नव्हती का?

उपासनेनंतर त्यांनीच अंगणात माझा हात धरला. "तुझ्यासाठी रोज मागत होते गं. आलीस, बरं झालं." मला रडू आवरेना.

तेव्हापासून साक्ष देताना मी त्या नर्सबद्दल बोलते, जी रात्री दोनला पाणी पाजायची. माझ्यासाठी मागणाऱ्यांबद्दल बोलते. जे परतले नाहीत, त्यांचीही आठवण काढते. देवाने मला का ठेवलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. उपकार मात्र आहेत, आणि ते मी मानते.

पुढच्या वर्षी काकांच्या स्मृतिदिनाच्या रविवारी मंडळीचे पाळकसाहेब दानार्पणाच्या पाकिटांवर लिहिलेली कारणं वाचत होते. वाढदिवसानिमित्त, नवीन गाडीनिमित्त, परीक्षेतल्या यशानिमित्त... मग काकूंचं पाकीट आलं. पाळकसाहेब क्षणभर थांबले आणि त्यांनी वाचलं, "३१ वर्षांच्या संसाराबद्दल उपकारस्तुती."

या रविवारी पाकिटं मोजायला मी होते. काकूंचं पाकीट होतं. वरची ओळ तीच, अक्षर थोडं थरथरलेलं.