अकराव्या वचनाआधीची दहा वचनं

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्या मंडळीत वचनाच्या चिठ्ठ्या वाटतात. ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल, ते त्याचं वर्षाचं वचन. कुणी ती पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये ठेवतं, कुणी पाकिटात, कुणी देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या शोकेसच्या काचेवर चिकटवतं. आणि सगळ्यांना मनातून हवं असतं ते यिर्मया 29:11, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते आशा देणारे आहेत, असं सांगणारं वचन. लग्नपत्रिकेवर तेच, दहावीच्या मुलांसाठी प्रार्थना करताना तेच, रोज पहाटे मोबाइलवर येणाऱ्या फुलांच्या फोटोवरही तेच.

मला हे वचन फार प्रिय आहे. म्हणूनच आज थोडं लांबलचक लिहिते आहे. ते एकटं वाचू नका. त्याच्या आधीची दहा वचनंही वाचा.

मी डायलिसिस विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षं काम केलं. हे काम ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली की रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागतं. बहुतेकांना आठवड्यातून तीनदा यावं लागतं, आणि एका वेळेला साधारण चार तास कॉटवर पडून राहावं लागतं. दिवसभरात किती पाणी प्यायचं ते मोजून. केळं नको, शहाळं नको, लोणचं नको. प्रत्यारोपण झालं तर सुटका, नाहीतर हे चालूच. आठवडे नाही, वर्षानुवर्षं. ताप आला, गोळी घेतली, उतरला, असं हे दुखणं नाही.

अशा माणसाला धीर कसा द्यायचा? त्याला भेटायला येणारे आम्ही विश्वासू लोक नेमकं काय बोलतो? ‘घाबरू नका, प्रभू सगळं ठीक करणार आहे.’ मनापासून बोलतो, डोळ्यांत पाणी असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर परवाची डायलिसिसची पाळी असते, आणि त्यानंतरची, आणि त्यानंतरची. आमचं ‘ठीक’ त्याच्या कुठल्या वारी बसतं?

आता यिर्मयाकडे येते. ख्रिस्तपूर्व 597 च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेमेतून राजाला, कारागिरांना, लोहारांना, जाणत्या माणसांना कैद करून नेलं. शेकडो कोस दूर, परक्या भाषेच्या, परक्या देवांच्या मुलखात. मागे राहिलेल्यांत यिर्मया होता. त्याने त्या बंदिवानांना एक पत्र पाठवलं. एकोणतिसावा अध्याय म्हणजे ते पत्र. पण त्याच्या आधी, अठ्ठाविसाव्या अध्यायात, हनन्या नावाचा संदेष्टा लोकांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. मंदिराची पात्रं येतील, राजा येईल, माणसं येतील. किती गोड निरोप! ते सगळं परमेश्वराच्या नावाने बोललेलं. यिर्मयासुद्धा म्हणतो, आमेन, असंच होवो. आणि मग सांगतो की हे खरं नाही.

त्याच्या पत्रात काय आहे? घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं करून द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं भलं चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. तुम्हाला हवी ती स्वप्नं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. सत्तर वर्षं लागतील. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर येतं ते अकरावं वचन.

सत्तर वर्षं! ते पत्र हातात घेऊन वाचणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेक जण परतीचा दिवस बघायला जिवंत राहणार नव्हते. हे त्यांना कळत होतं. तरी त्यांना सांगितलं गेलं की देवाचा संकल्प हिताचा आहे. याचा अर्थ, ते हित परतीच्या दिवशी सुरू होणार नव्हतं. बाबेलमध्ये मळ्याला पाणी घालताना, सून घरात आणताना, शेजारच्या परक्या माणसाच्या भल्यासाठी प्रार्थना करताना ते सुरू झालेलं होतं. मला शास्त्रातून मिळालेलं सगळ्यात भक्कम उत्तेजन कुठलं, असं कुणी विचारलं तर मी हे पत्र दाखवते.

आमच्या विभागात एक शिक्षक यायचे. एका हाताला सुई, दुसऱ्या हाताने वह्या तपासायचे. एक आजी होत्या, त्या चार तासांत फोनवरून नातीचे पाढे घ्यायच्या, आजूबाजूच्या कॉटवरचेही मग तेवीस चोक म्हणू लागायचे. त्यांनी यिर्मयाचं पत्र वाचलं होतं की नाही मला माहीत नाही, ते ख्रिस्तीही नव्हते. पण बाबेलमध्ये मळा कसा लावायचा ते मी त्यांच्याकडे पाहून समजले.

आणि हनन्याही मी पाहिले. एका माणसाला प्रार्थनासभेत कुणीतरी सांगितलं की खरा विश्वास असेल तर यंत्र सोडून दे. त्याने लागोपाठ पाळ्या चुकवल्या. रात्री आणला तेव्हा फुप्फुसात पाणी भरलेलं, आडवं होता येत नव्हतं, बायको त्याची पाठ धरून उभी. तो वाचला, त्यासाठी मी प्रभूचे आभार मानते. पण त्या बायकोला नंतर काय ऐकावं लागलं? ‘तुमचाच विश्वास कमी पडला.’ या वाक्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही. आजारी माणसावर आजाराचं ओझं असतंच, त्यावर दोषाचं ओझं ठेवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी नुसतं पाणी न पिता थोडा द्राक्षारस घे म्हणून सुचवतो. प्रार्थना कर, आणि पोटाकडेही बघ. गोळी आणि गुडघे यांत भांडण लावणारा उपदेश शास्त्रात मला तरी सापडलेला नाही.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असते, पण आपण ती कर्मेल डोंगरावर थांबवतो. आकाशातून अग्नी पडला, विजय झाला, हालेलुया. 1 राजे 19 मध्ये तोच एलिया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. आता पुरे, माझा जीव घे, म्हणतो. आणि झोपतो. देवदूत येऊन काय करतो? त्याला खडसावत नाही. काल एवढा मोठा चमत्कार पाहिलास आणि आज हे काय, असंही म्हणत नाही. त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत झोपू देतो! मग दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. देवाशी बोलणं होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. आधी भाकर, पाणी, झोप.

ज्यांच्या घरात कुणाला नैराश्य आहे, त्यांनी हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचावा असं मला कळकळीने वाटतं. मरणाची इच्छा बोलून दाखवणारा माणूस अविश्वासू असतो, हे आपल्या डोक्यात कुणी घातलं? तो एलिया असू शकतो. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या, जेवायला बसवा, झोपू द्या. प्रवचन नंतर बघू.

सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाच्या मित्रांबद्दल आपण नेहमी वाईटच बोलतो. पण त्यांनी सुरुवातीला जे केलं ते आजही थोड्यांनाच जमतं. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. तुझ्या हातून काहीतरी पाप घडलं असणार, असं म्हणत त्यांनी पुढचे कितीतरी अध्याय भरून टाकले, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला, ईयोबावर नाही. देवाला तक्रार ऐकवणारा ईयोब देवाला चालला. देवाची वकिली करणारे चालले नाहीत.

हे मला फार मोठं वाटतं. आपल्या शास्त्रात रडायला जागा आहे. 150 स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रं केवढी तरी आहेत. तेराव्या स्तोत्रात एकामागून एक चारदा ‘कुठवर?’ असं विचारलेलं आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते उपासनेत गायच्या गीतांमध्ये ठेवलं गेलं. वधस्तंभावर प्रभूच्या ओठी आले ते शब्दही बाविसाव्या स्तोत्रातल्या आक्रोशाचे. मग आमच्या उपासनेत साक्ष द्यायला उभी राहणारी बहीण फक्त मिळालेल्या आशीर्वादाचीच साक्ष का देते? ‘माझं अजून काहीच नीट झालेलं नाही, तरी मी आज आले आहे,’ ही साक्ष नाही का? माझ्या मते तीच सगळ्यात जड साक्ष. असं कुणी बोललं की मागच्या बाकावरचा एखादा मान वर करतो, त्याला वाटतं, इथे आपल्यालाही बसता येईल.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मी म्हणूनच परत परत आठवते. 1858 चा जन्म. 1874 च्या दुष्काळात आई-वडील काही महिन्यांच्या अंतराने गेले. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पती गेले, पदरात लहानगी मनोरमा. आपल्या माणसांची उपासमार पाहिलेल्या या बाईंनी 1896-97 च्या दुष्काळात उपाशी, टाकून दिलेल्या मुली आणि बायका गोळा करून आणल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हाताने. कानांना नीट ऐकू येत नसताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचं भाषांतर साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलं. त्यात कित्येक वर्षं गेली. 1921 मध्ये मनोरमाही गेली. आई त्यानंतरही काम करत राहिली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी देवाघरी गेली. संपूर्ण बायबल छापून झालेलं त्यांनी पाहिलं नाही.

त्यांची चिठ्ठी काढली असती तर कुठलं वचन निघालं असतं? ‘सगळं ठीक होईल’ असं म्हणता येईल असं त्या आयुष्यात काय होतं? पण रोज सकाळी उठून पुढची ओळ भाषांतरित करायची, पुढच्या मुलीला जेवू घालायचं. मला हे यिर्मयाच्या पत्रातलं घर बांधणं वाटतं.

फिलिप्पै 4:13 चंही असंच होतं. सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्वकाही करू शकतो, हे वचन आपण परीक्षेला, मॅचला, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला लावतो. लावा, हरकत नाही. पण ते पौलाने बंदिवासातून लिहिलं, आणि वरच्याच दोन वचनांत तो सांगतो की पोट भरलेलं असो वा उपाशी, भरपूर असो वा टंचाई, मी राहायला शिकलो आहे. शिकलो आहे, म्हणतो. एका रात्रीत आलं नाही. ज्या महिन्यात पगार वीस तारखेलाच संपतो त्या महिन्यात हे वचन वाचून बघा, तेव्हा त्याचा खरा आधार कळतो.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकर मागतो, वर्षाची नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळाला तोही त्या त्या दिवसापुरता, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे,’ असं प्रभू म्हणतो तेव्हा तो दुःख नाकारत नाही. दिवसाला दुःख असणार हे धरूनच चालतो. डायलिसिसवरच्या माणसाला मी एवढंच म्हणू शकत होते: आजची पाळी आपण पार पाडू. उद्या मोकळा दिवस आहे, उद्या काय करणार आहात ते सांगा. मग ते सांगायचे. कुणी मुलीच्या शाळेत जाणार असायचं, कुणी नुसतं गॅलरीत बसणार असायचं.

मला इनबॉक्समध्ये बऱ्याच जणी विचारतात, ताई, मन फार खचलंय, शास्त्र उघडलं तरी कुठून वाचायचं कळत नाही. मी सांगते, 120 ते 134 ही स्तोत्रं घ्या. बहुतेक अगदी लहान आहेत. यरुशलेमेला सणाला चढून जाणारे यात्रेकरू ती गात, वारीत अभंग म्हणत चालतात तशी. रोज एक, मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नको, स्वतःच्या कानांना ऐकू जायला हवं. वाचवत नसेल तर घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा, तुम्ही नुसतं पडून ऐका. 130 वं आलं की रात्रपाळीवाल्यांनी जरा थांबा, पहाटेची वाट बघणारे पहारेकरी त्यात आहेत.

ते झालं की यिर्मया 29 पहिल्या वचनापासून. आणि या आठवड्यात कुणा आजाऱ्याला भेटायला जाणार असाल तर आधी फोन करून विचारा, पथ्याचं काय चालतं. डायलिसिसचा माणूस असेल तर शहाळं नेऊ नका.