विमानाचं इंजिन चाकं फिरवत नसतं राव

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. विमानाचं इंजिन ट्रॅक्टरसारखं चाकं फिरवतं, वर गेलं की मागच्या हवेला रेटा देऊन पुढं सरकतं, इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली, आणि पंख्याचं, म्हणजे बाहेर प्रोपेलर फिरणारं विमान दिसलं तर बसूच नका, जुनाट असतं. माझी आत्या पुढच्या महिन्यात संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीला जाणारे, पहिल्यांदाच विमानात बसणारे, अन् हे वाचून तिनं तिकीट कॅन्सल कर म्हणून फोन केला. म्हणून लिहितोय.

आधी चाकांचं. चाकं इंजिनला जोडलेलीच नसतात. बैलगाडीसारखं समजा, बैल ओढतात म्हणून चाक फिरतं. रनवेवर पण विमानाला इंजिनचा थ्रस्टच, म्हणजे पुढं ढकलणारा जोरच पळवतो, चाकांना ब्रेक तेवढे असतात.

आता मागच्या हवेला रेटा, हे सगळ्यात जास्त लोकांना खरं वाटतं. मोटर चालू केल्यावर हातातला लपेटा पाईप कसा मागं झटका मारतो, ते रानात पाणी दिलेल्या प्रत्येकाला माहितीय. पाणी समोर कशाला जाऊन धडकायची गरज नाही, पाणी पुढं गेलं की पाईप मागं येतो, न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. इंजिन हवा मागं फेकतं म्हणून स्वतः पुढं जातं, अन् ते पंखाला बोल्टनं पक्कं बसवलेलं असल्यामुळं अख्खं विमान सोबत जातं. आतमधी कॉम्प्रेसर हवा दाबतो, मग कम्बशन चेंबरमधी केरोसीनच्या जातीचं इंधन जळतं, तो गरम वायू टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक फिरवतो आणि टर्बाइन शाफ्टवरून, म्हणजे मधल्या दांड्यावरून कॉम्प्रेसर अन् समोरचा मोठा फॅन फिरवतं. ह्याला टर्बोफॅन म्हणतात. गंमत म्हणजे फॅननं ओढलेली बरीचशी हवा आगीजवळ जातच नाही, बाजूनं निघून जाते, नव्या इंजिनात तर 1 भाग आत अन् 11-12 भाग बाहेरून, आणि जास्त थ्रस्ट ह्या थंड हवेचाच असतो.

दगडासारखं पडतं म्हणणाऱ्यांनी हे वाचा. विमानाला वर उचलून धरतात पंख, इंजिन नाही. 24 ऑगस्ट 2001 ला अटलांटिकवर एअर ट्रान्सॅट कंपनीच्या ए-330 विमानाचं इंधन गळून संपलं, दोन्ही इंजिनं बंद, तरी जवळपास 19 मिनिटं तरंगत येऊन ते अझोर्स बेटांवर उतरलं, 306 जण होते, सगळे वाचले. 10 किलोमीटर उंचीवरून असं विमान दीडशेक किलोमीटर जाऊ शकतं, म्हणजे संभाजीनगरावरून निघून बीड ओलांडून पुढं.

अन् एटीआरसारख्या पंख्याच्या विमानात पण आत टर्बाइनच असतं, ते गिअरबॉक्सवरून पंखा फिरवतं. छोट्या अंतराला इंधन कमी लागतं म्हणून ते वापरतात.

आत्या, टेकऑफनंतर थोड्या वेळानं आवाज एकदम कमी होईल, तेव्हा घाबरू नको. पायलटनं थ्रस्ट कमी केलेला असतो, इंजिन चालूच असतं.